जुनी सायकल : पारख, दुरुस्ती आणि प्रवास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सातारा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, व्यापार, शेती, विवाहसंस्था अशा थोर विषयांवर अनेक विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत जुन्या सायकलीसारखा विषय घेऊन मी उभा राहिलो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्या गोष्टीविषयी आपल्या हातांना काही कळते तिच्याविषयीच चार शब्द बोलावेत, असा माझा संकेत आहे. माझी सारी नोकरी सांगलीस मुलांच्या हाती पान्हा व कानस देऊन त्यांना यंत्रकाम शिकविण्यात गेली. तेव्हा चिटणीसांनी विचारताच मी हाच विषय सांगितला आणि त्यांनीही तो हसून मान्य केला.

विषय दिसतो तितका लहान नाही. सातारा-सांगलीकडील आपल्या सभासदांपैकी ज्यांची घरे जुनी आहेत, त्यांच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या आडोशास वडिलांची अथवा आजोबांची एखादी काळी सायकल टेकून ठेवलेली असते. टायरांना भेगा पडलेल्या, साखळी गंजून काठीसारखी ताठ झालेली, सीटच्या स्प्रिंगांत कोळ्याने संसार थाटलेला. ती कोणी वापरीत नाही आणि भंगारवाल्यास देण्यासही कोणाचे मन धजत नाही. त्याच घरातील सोळा-सतरा वर्षांचे मूल महाविद्यालयात व शिकवणीस जाण्यासाठी स्कूटर मागत असते, आणि आईबाप कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मांडीत बसलेले असतात.

या हिशेबात एक रकमेबाहेरची गोष्ट विसरली जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलास फक्त ५० घनसेंटीमीटरपर्यंतचे, विनागिअरचे वाहन चालविण्याचा परवाना मिळतो. बाजारात आज ज्या पेट्रोलच्या स्कूटरी दिसतात त्या याहून मोठ्या असतात आणि त्यांना अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. २०१९ साली या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालविताना गुन्हा घडल्यास पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकवणीवर्गांच्या दाराशी सकाळी ज्या गाड्या उभ्या असतात त्यांपैकी किती गाड्यांचे स्वार अठरा वर्षांचे असतील, हे आपणच मनाशी ताडून पाहावे. घरात दंडाची तरतूद कोणी करून ठेवीत नाही. अपघाताची तर नाहीच नाही.

मग सायकल का नको? पैशाची अडचण येथे नाही. अडचण लाजेची आहे. सायकलीवर बसणे म्हणजे परिस्थिती खालावल्याची कबुली, असा एक समज आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत रुजला आहे. मुलगा सायकलीने कामावर जातो एवढ्या कारणावरून स्थळाविषयी नाक मुरडल्याचे मी आपल्याच समाजात ऐकले आहे. या समजाचे आयुष्य मात्र फार थोडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल ही श्रीमंतांची मिरविण्याची वस्तू होती. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मोजतात, आणि तो आरंभ म्हणजे बेळगावातील सायकलींचा व्यवसाय. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत असताना तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावास त्या विकीत. एका सायकलीस त्या काळी सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालविण्यास शिकविण्याची फी पंधरा रुपये निराळी. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. म्हणजे आपल्या भागातील सर्वांत नामांकित कारखान्याचे मूळ सायकलींच्या दुकानात सापडते.

स्वातंत्र्यानंतर मद्रासेस १९४९ साली टी. आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलास, आसनसोलला सेन-रॅले, लुधियान्यास १९५६ साली हीरो असे कारखाने निघाले, आणि सायकल शिक्षक, पोस्टमन, गवळी, गिरणीकामगार यांच्या आवाक्यात आली. नगरपालिका तिच्यावर कर घेऊन पितळी बिल्ला देत. तो बिल्ला चकचकीत ठेवण्यात एक ऐट होती. नंतर मोपेड आणि मोटारसायकली आल्या, तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने एकामागून एक मिटली, आणि अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, ऐन जागतिक सायकल दिनी, बंद पडला. इतके होऊनही एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे. जिला आपण साधी काळी सायकल म्हणतो तिचा मूळ इंग्रजी घाट फारसा बदललेला नाही. २८ इंची चाकाचे टायर, ट्यूब, छर्रे, साखळी, पायडल हे सर्व तालुक्याच्या गावी अजून मिळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या किती यंत्रांविषयी असे म्हणता येईल?

आता पारखीकडे वळू. जुनी सायकल विकत घ्यावयाची असो किंवा माळ्यावरून उतरवावयाची असो, पहिली पाच मिनिटे तिच्या रंगाकडे व निकेलकडे मुळीच पाहू नये. प्रथम सांगाडा पाहावा. समोर उकिडवे बसून एक डोळा मिटावा आणि पुढचे चाक व मागचे चाक एका रेषेत येतात की नाही हे निरखावे. नंतर बाजूने पुढचा चिमटा पाहावा. समोरून धडक बसलेल्या सायकलीचा चिमटा मागे दबलेला असतो, आणि हँडलच्या नळीशी जेथे खालची तिरपी नळी मिळते, तेथे खालच्या अंगास रंगाला बारीक सुरकुती पडलेली असते. ती डोळ्यांस दिसली नाही तरी नखाला लागते. अशी सुरकुती लागली, किंवा पायडलाच्या आसाजवळील जोडावर केसासारखी चीर दिसली, तर ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. येथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ आहे.

सांगाडा नीट असेल तर बाकीचे बहुतेक दोष पैशाने आणि श्रमाने दूर होतात. साखळी फूटपट्टीने मोजावी. नव्या साखळीचे बारा पुरे जोड बरोबर बारा इंच भरतात. तेच सव्वाबारा इंचांकडे सरकू लागले की साखळी गेली असे समजावे. तशाच साखळीवर वर्षानुवर्षे काढली असतील तर चक्राचे दातेही वाघनखांसारखे वाकलेले दिसतील, आणि मग साखळीबरोबर चक्र व फ्रीव्हील बदलण्याचा खर्च अंगावर येतो. चाके हवेत उचलून फिरवावीत आणि आसाला कान लावावा. गुळगुळीत घरघर चालेल. खडे दळल्यासारखा आवाज आला तर आतील छर्रे व कप खराब आहेत. सीटची दांडी सैल करून वर येते की नाही ते पाहावे, कारण ती गंजून नळीत बसली असली तर पुढे कोणाच्याही उंचीप्रमाणे सीट लावता येणार नाही.

सांगलीकरांसाठी यात एक विशेष सांगणे आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून किती घरे आणि किती सायकली बुडाल्या असतील याची कल्पना यावी. २०२१ सालीही पूर आला. बुडालेल्या सायकली पुसून, रंगवून पुन्हा विक्रीस येतात. सीटची दांडी काढून सायकल उलटी धरावी; नळीतून तांबूस पाणी किंवा वाळलेला गाळ पडला तर ती नदीचा पाहुणचार घेऊन आली आहे असे ओळखावे. तेवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही. पूर ओसरल्यावर थोड्याच दिवसांत सारे आस उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरले असतील तर सायकल वाचते. गाळ महिनोन्‌महिने तसाच राहिला तर कप आतून खाल्ले जातात. किंमत ठरविताना हे ध्यानात घ्यावे.

विकत घेताना विक्रेत्याकडून सही केलेली पावती घ्यावी आणि तिच्यावर सांगाड्याचा क्रमांक लिहून घ्यावा. तो बहुधा पायडलाच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. क्रमांक घासून टाकलेला दिसला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

खर्चाविषयी माझा ठोकताळा असा : सायकलीची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्या साध्या सायकलीच्या किमतीच्या निम्म्यापुढे जाऊ नये. घरचीच सायकल असेल तर ही सारी रक्कम दुरुस्तीस मोकळी मिळते. पैसा पहिल्याने टायर-ट्यूब व ब्रेकवर घालावा, मग छर्रे व साखळीवर, आणि उरला तर सीटवर. रंगाला एक पैसाही देऊ नये, असे मी मुलांना सांगत असे. त्यावर ती रुसत. त्यांना प्रथम रंगच हवा असतो!

दुरुस्तीपैकी कोणती स्वतः करावी आणि कोणती मिस्त्रीकडे सोपवावी, याचा विवेक हवा. पंक्चर काढणे, व्हॉल्व्हची रबरी नळी बदलणे, ब्रेकचे रबर लावणे आणि साखळी धुऊन तेल देणे, ही कामे घरातील बारा वर्षांच्या मुलासही आली पाहिजेत. चाकांचे आस उघडून ओव्हरहॉलिंग करणे हे थोडे धीराचे काम आहे, पण अवघड नाही. खाली जुने पांढरे फडके अंथरावे, छर्रे मोजून काढावेत आणि एका आसाचे सर्व छर्रे एकदमच बदलावेत. जुन्या छर्‍यांत दोन-चार नवे मिसळू नयेत, कारण नव्याचा आकार किंचित मोठा असल्याने सारा भार त्यांच्यावर येतो. आत ग्रीस भरावे. पातळ तेल तेथे टिकत नाही. कोन आवळताना चाक हलता कामा नये आणि अडताही कामा नये. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, एवढे विसरले की पान्हा आणि माणूस दोघेही थकतात.

याउलट चाकाची आऊट काढणे आणि क्रँकची कॉटर पिन ठोकणे ही दोन कामे जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावीत. आऊट काढणे ही केवळ हाताची नव्हे, कानाची विद्या आहे. उत्तम मिस्त्री तारेला टिचकी मारून तिच्या आवाजावरून ताण ओळखतो. कॉटर पिन काढताना क्रँकखाली भक्कम आधार न देता हातोडा घातला तर त्याचा मार आतील छर्‍यांवर बसतो. ज्यांच्याकडे अस्सल इंग्लिश रॅले आहे (तिच्या दातेरी चक्रात बगळ्याची मुंडकी कोरलेली असतात), त्यांनी ती मिस्त्रीकडे देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी : रॅलेच्या मधल्या आसाच्या कपास इंचाला २६ आटे असतात आणि इतरांस २४. दुसरा कप जबरीने आवळला तर सांगाड्याचे आटे कायमचे कापले जातात. आणि मिस्त्रीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. हा धंदा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे. जे उरले आहेत त्यांचा हात आपल्याला उद्याही लागणार आहे.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण सातारकरांच्या दृष्टीने हा सर्वांत नाजूक भाग आहे. काळ्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जातात आणि त्यांचे रबर धावेच्या आतल्या अंगावर दाबते. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर ते पुरेसे आहे. परंतु यवतेश्वराच्या घाटातून पावसाळ्यात उतरताना निकेल चढविलेली पोलादी धाव भिजली की रबर तिच्यावरून नुसते घसरते. कोरड्या रस्त्यावर जेथे सायकल थांबली असती, त्याच्या कितीतरी पुढे ती जाते. ज्यांना रोज उताराचा रस्ता आहे त्यांनी दोन्ही चाकांना अ‍ॅल्युमिनियमच्या धावा बसवून घ्याव्यात. त्यावर भिजले तरी रबर बरेच धरते. मात्र सळीच्या ब्रेकची धाव आणि तारेच्या ब्रेकची धाव यांचा घाट निराळा असतो, म्हणून धाव बदलली की ब्रेकही तारेचे घ्यावे लागतात. खर्च वाढतो खरा. पण हा खर्च टाळून उरलेल्या पैशाचे करणार काय? ज्यांना तो झेपत नाही त्यांनी पावसाळ्यात घाट पायी उतरावा. त्यात लाज कसली?

चढाचा प्रश्न दात्यांनी सुटतो. साध्या सायकलीस बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविले तर एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटरच जाते, परंतु पायाला लागणारा जोर जवळजवळ पंचमांशाने हलका होतो. साखळीत एखादा जोड वाढवावा लागेल, एवढेच. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात ज्यांना रोज चढ-उतार करावा लागतो, त्यांच्या गुडघ्यांना हा बदल आशीर्वादासारखा वाटेल. गिअरच्या महागड्या सायकलीशिवाय साताऱ्यात चालत नाही, असे दुकानदार सांगतात. मी त्यांच्याशी सहमत नाही.

सांगलीकडे चढ नाहीत, पण काटे आहेत. मिरजेच्या पूर्वेस, कवठेमहांकाळ-जतकडे, बाभळीचा काटा नवीन टायरही सहज भेदतो. जुनी ट्यूब उभी चिरून, व्हॉल्व्ह काढून, ती टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये पट्टीसारखी घालावी. चाक थोडे जड होते, पण पंक्चरे पुष्कळ कमी होतात. दुसरे संकट उसाच्या हंगामात येते. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागील दिव्याविना चालतात, रस्त्यावर पाचट आणि चिखल सांडलेला असतो. मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा असल्याशिवाय अंधारात सायकल बाहेर काढू नये. डायनॅमो चालत असेल तर उत्तम. नसेल तर बॅटरीचा लहान दिवा फार महाग नाही.

सीटची उंची हा विषय सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. टाच पायडलावर ठेवून पाय खाली नेला असता गुडघा सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे छातीशी येतात, आणि मग ‘सायकलीने गुडघे जातात’ अशी तक्रार करतात. काळ्या सायकलीचे सांगाडे बहुधा २२ व २४ इंची असतात. २४ इंची सांगाडा उंच माणसासाठीच आहे. आजोबांचा वारसा म्हणून तो ठेंगण्या नातवाच्या माथी मारू नये. आपसांत अदलाबदल करावी.

अशा अदलाबदलीचे एक उदाहरण सांगतो. मिरजेच्या पूर्वेकडील एका खेड्यातील आपल्या एका सभासदाची मुलगी अकरावीस मिरजेस जात असे. गाव नऊ किलोमीटरांवर. प्रयोगशाळेचे तास संपेपर्यंत शेवटची सोयीची एस. टी. निघून जाई, म्हणून ती प्रयोग अर्धवट सोडून येई, आणि विज्ञान शाखा सोडून देण्याची बोलणी घरात सुरू झाली होती. घरात आजोबांची २४ इंची सायकल होती. ती तिला झेपणारी नव्हती. दुसऱ्या एका सभासदाकडे आडव्या दांडीवाचूनची जनानी सायकल धूळ खात पडली होती. दोन्हींची अदलाबदल झाली, चाके, ब्रेक व दिवे नवे झाले, आणि सारा खर्च स्कूटरच्या दोन हप्त्यांएवढाही आला नाही. आरंभी काही महिने वडील आपल्या सायकलीवरून तिच्या मागोमाग जात असत. त्या मुलीने विज्ञान शाखा सोडली नाही.

बिहार राज्याने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना काढली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत होती. शाळा तीच, मास्तर तेच; मधले अंतर तेवढे आटोक्यात आले.

कामाच्या आणि शाळेच्या रस्त्याखेरीज सायकलीला आनंदाचाही रस्ता आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १९२८ साली परतले. आपल्याला तितके दूर जावयास नको. आपल्याकडे कृष्णामाई आहे. साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपुरास वारणा, आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. या चार संगमांची यात्रा सायकलीवरून तीन दिवसांत आरामात होते. एकंदर अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि नदीबरोबर चालल्याने मोठा घाट लागत नाही. महामार्ग सर्वस्वी टाळावा. माहुलीहून रहिमतपूर, मसूर करीत कराडास मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी या वाटेने सांगलीस यावे. या वाटेवर पुणे-मिरज लोहमार्ग फार दूर जात नाही, त्यामुळे अंगात बळ उरले नाही तरी जवळपास स्थानक असते. भिलवडीस नदीपलीकडे औदुंबराचे दत्तस्थान आहे, तेथे तासभर बसावे. हरिपुरास हळदीची पेवे पाहावीत. जमिनीच्या पोटात हळद साठविण्याची ती पद्धत पुराने जायबंदी झाली आहे. ज्येष्ठ ते भाद्रपद सोडून केव्हाही निघावे, माघ उत्तम.

सामान फार नको. मागील कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या किंतानाच्या पिशव्या, एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, दोन पान्हे, थोडी तार आणि सुती दोरी. पाठीवर ओझे घेऊ नये. निघण्यापूर्वी आठवडाभर दुरुस्त केलेली सायकल गावातच रोज चालवावी. जे काही सैल व्हावयाचे ते घराजवळ झालेले बरे. नव्या कॉटर पिना तर पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर पुन्हा आवळाव्याच लागतात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या सभासदांच्या घरी ज्या सायकली पडून आहेत त्यांची एक यादी करावी. ज्यांना त्या नको आहेत त्यांनी मंडळाकडे द्याव्यात, मंडळाच्या विद्यार्थिसाहाय्य निधीतून त्यांना टायर, ब्रेक व दिवे मिळावेत, आणि आपल्या तरुणांनी सुटीत त्या उघडून, धुऊन, उभ्या कराव्यात. घेणाऱ्याचे घर शाळेपासून किती दूर आहे एवढेच पाहावे, त्याची जात पाहू नये, अशीही माझी विनंती आहे. याविषयी कार्यकारी मंडळात मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. पैसा आपल्या समाजाने दिलेला, तेव्हा लाभ आपल्याच मुलांना व्हावा, हा युक्तिवाद मी समजू शकतो. परंतु ज्या साताऱ्यात आपण जमलो आहोत, तेथेच कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह चालू केले. आपल्यापैकी कितीतरी घरांतील पहिली शिकलेली पिढी रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून बाहेर पडली आहे. त्यांना प्रवेश देताना कोणी आपली जात विचारली नव्हती. सूचनेवर निर्णय सभेने करावयाचा आहे, तो उद्या दुपारच्या बैठकीत व्हावा.

तत्पूर्वी, उद्या सकाळी आठ वाजता या कार्यालयाच्या मागील अंगणात तीन सायकली आणून ठेविल्या आहेत. एक माळ्यावरची, एक पुरात बुडालेली आणि एक अशी की जी मी स्वतः कधीच घेणार नाही. ती कोणती, हे उपस्थितांनी ओळखावयाचे आहे. छर्रे, ग्रीस आणि रॉकेल मी आणले आहे. आपण येताना अंगावर जुने कपडे घालावेत, आणि ज्यांच्या घरी आठ-दहाचा पान्हा असेल त्यांनी तो बरोबर आणावा, कारण माझ्याजवळ दोनच आहेत.